ओल्या पायांचा वर्ग

आमच्या आचलनं बारावी झाल्यावर "मी मास्तरीण होते" म्हटलं अन् साऱ्या गावाले कंठ फुटला. ज्या माणसाले ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर उतरून सख्ख्या बहिणीचं घर सापडत नाई, तोही आमच्या ओसरीवर बसून मास्तर व्हाचा रस्ता दाखवे. चहा माझा, रस्ता त्याचा.

भैयाजी आमच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. तो म्हणे, "डी.एड. टाका बाई. बारावीवर दोन वर्षं, पोरगी मोकळी." त्याचा स्वतःचा पोरगा बी.ए. झाला, मग एम.ए. झाला, मग बी.एड. झाला, अन् आता ब्रह्मपुरीत दुकानात बसून दुसऱ्यांच्या डिग्र्यांच्या झेरॉक्स काढते. मी म्हटलं, "भैयाजी, तुह्या घरचा बैल कोन्त्या वाटेनं गेला थे पाहून मी माही गाय सोडीन." त्यानं चहा पिऊन घेतला अन् घरचा रस्ता धरला.

शेवटी आचलनंच मले समोर बसवलं. "आजी, आयक. डी.एड. केलं त लहान पोट्टे शिकवाचे, पाचवीपर्यंत. मोठ्या वर्गाले बी.एड. पायजे. थे कराचं त आधी बी.ए.चे तीन वर्षं, मंग बी.एड.चे दोन. नाई त हा जोडकोर्स आहे. बी.ए. अन् बी.एड. एकातएक, चार वर्षांत दोन्ही. पन त्याले आधी परीक्षा देऊन नंबर लागा लागते."

मी तिसरी शिकलेली. चौथीत गुरुजीनं मले छडी मारली, मी गुरुजीले पाटी मारली, तिथी शिक्षण संपलं. पण हिशेब समजते. मी म्हटलं, "एका फेकीत दोन मासोळ्या येत असतीन त दोनदा जाळं कोन फेकते? चार वर्षांचा घे."

"पन आजी, डिग्री भेटली की लगेच नोकरी नाई. मंग टीईटी द्या लागते. टीईटी निघाली की भरतीची आनखी एक परीक्षा. मंग पोर्टलवर नाव टाकाचं."

"बापा! सीतामाईनं एकच परीक्षा देल्ली होती."

"तिले जिल्हा परिषदेत लागाचं नोव्हतं," आचल म्हणाली.

पोरगी जिभेनं माझ्यावर गेली आहे. बाकी साऱ्या गोष्टींत बापावर.

तर तिनं परीक्षा दिली, नंबर लागला, ब्रह्मपुरीत खोली करून राह्यली. चार वर्षं मी लोकांच्या तोंडाले तोंड दिलं. सुट्टीत घरी आली की पोरगी भिंतीले शिकवे. हातात खडू, समोर भिंत, अन् म्हणे, "मुलांनो, मागच्या तासाला आपण काय पाहिलं?" भिंत काई सांगत नसे. मी सैपाकघरातून सांगे, "भात पाहिला. आता खाऊन घे."

होता होता चौथं वर्ष सरत आलं. शेवटची गोष्ट राह्यली होती: वार्षिक पाठ. म्हणजे खऱ्या शाळेत, खऱ्या पोट्ट्यांवर शिकवून दाखवाचं, अन् बाहेरून आलेला परीक्षक मागं बसून मार्क देते. हा पाठ पडला तर डिग्री पुढच्या वर्षापर्यंत अडकली. अन् हिची डिग्री अडकली असती तर भैयाजीनं मले साऱ्या वर्षभर कसं पाह्यलं असतं, हे मले त्याच्या आजच्या तोंडावरूनच दिसत होतं.

पाठ आमच्याच गावच्या शाळेत लागला, सातवीवर. आचलनं फोनवर सांगितलं, "घोनमोडे सर येनार आहेत. आजी, एक गोठ पक्की ध्यानात ठेव. त्याहिले घरी जेवाले बोलवाचं नाई. मासोळी त अजिबातच नाई. लोक लाच म्हनतीन."

मी "हव" म्हटलं. फोनवर हव म्हणाले काय लागते?

पण मी ढिवराची, मासे धरणाऱ्याची सून आहे. आमच्या दारातून पाहुणा उपाशी गेल्याचं कोणी ऐकलं नाई. मी रात्रभर नाई, पण भाजी चिरता चिरता विचार केला. घरची मासोळी दिली तर लाच. बरं. पण गावाची मासोळी दिली तर? आमच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, मोठं जाळं पडलं की साऱ्या गावाचे वाटे होतात, अन् त्या दिवशी गावात जो कोणी पाहुणा असन त्याचाही एक वाटा निघते. तहसीलदार असो का बांगड्यावाला. पाहुण्याच्या वाट्याले आजवर कोणी लाच म्हटलं नाई. म्हणजे जाळं अन् परीक्षक एका दिवशी आले की झालं. सर खुश, आचल खुश, कायदाही खुश.

जाळं कोणत्या दिवशी टाकाचं हे सांगाचा मान आमच्या घरचा, सासऱ्यापासून. भैयाजी कागदावर अध्यक्ष आहे, पाण्यावर मी. मी धनराजले, म्हणजे माझ्या पोराले, आचलच्या बापाले, भैयाजीकडे धाडलं: जाळं अमक्या दिवशी. काऊन म्हणून विचाराची भैयाजीची टाप नाई.

आचल आदल्या दिवशी आली ते चार्ट गुंडाळत अन् थर्माकोलचा चंद्र सांभाळतच आली. कोणाशी धड बोलली नाई. आम्हीही तिले जाळ्याचं सांगितलं नाई. म्हटलं, पोरगी खुश होईन.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी इस्त्रीची साडी नेसून, खांद्याले पिना लावून, चंद्र काखेत घेऊन शाळेत गेली. मी मसाला वाटाले बसली. मसाला अर्धा झाला नसन तर पोरगी परत दारात. पदर एका पिनेवर लोंबून राह्यला.

"आजी, वर्गात कोनी नाई."

"कोनी नाई म्हंजे?"

"सातवी नाई. सहावी नाई. पाचवी नाई. दिनेश गुरुजी पन नाईत. शाळेत फक्त मी अन् चंद्र."

"कुठी गेले सारे?"

तिनं माझ्याकडे पाह्यलं. मग पाट्यावरच्या मसाल्याकडे पाह्यलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"तलावात," ती म्हणाली. "आजी, आज जाळ्याचा दिवस कोन ठेवला?"

मी वरवंटा फिरवत राह्यली. खरं सांगाचं तर चूक माझी नोव्हती. जाळ्याले पोट्टे जातात हे कोणाले माहीत नाई? कॉलेजनं पाठ त्याच दिवशी ठेवावाच काऊन? आता पाठाचा दिवस आधी ठरला अन् जाळ्याचा मागून ठरला, हे आहे. पण मोठं कोण? कॉलेज परवाचं. तलाव सासऱ्याच्या सासऱ्याच्या आधीचा.

"मी त्याहिच्या साठी ठेवलं," मी म्हटलं. "सरांच्या. गावाचा वाटा म्हंजे लाच नाई."

आचल पायरीवर बसली. "आजी," ती म्हणाली, "सर घंटाभरात येतीन. वर्ग भरलेला नसन त पाठ होत नाई. पाठ नाई झाला त माहं वर्ष गेलं." एवढंच. रडली नाई. ती रडली असती तर मी तिले रागावून मोकळी झाली असती. रडली नाई म्हणून मले उठा लागलं.

आमच्याकडे वाट्याचा नियम साधा आहे. जाळं काठाले लागते तेव्हा ज्याचे पाय तलावाच्या पाण्यात ओले, त्याले वाटा. बुढा असो, बाई असो, मांडीवरचं लेकरू असो. पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभं राहून पाहणाऱ्याले काई नाई. म्हणून त्या दिवशी घरटी सारे डोके तलावात असतात. ज्याच्या घरी सहा लेकरं त्याचे सहा वाटे. उगाच नाई आमच्या गावात कुटुंब नियोजनवाल्या नर्सबाईले कोणी चहा देत.

मी तलावावर गेली तर जत्रा. जाळं पाण्यात पडलेलं, दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढून राह्यलेली, अन् कडेकडेनं सारी शाळा चड्ड्या वर करून उभी. त्यात दिनेश गुरुजी, म्हणजे हेडमास्तर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.

"गुरुजी! तुमी इथी काय करून राह्यले?"

"बाई, पटावरची पोरं इथी आहेत," गुरुजी म्हणाले. "जिथी पट तिथी मी."

"सातवीवाले बाहेर निघा!" मी ओरडली. "चला शाळेत!"

एकही पाय हालला नाई. भैयाजीची नात रीना, सातवीतलीच, म्हणाली, "अन् आमचा वाटा?"

"वाटा भेटन. मी सांगतो ना!"

तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातून सोमारी बोलली. सोमारी माझ्याच वयाची, माझ्याच गल्लीतली, अन् माझ्या जिवाले लागलेली जळू. "कसा भेटन वं, इंदिराबाई? पाय कोरडे त वाटा नाई. मांगच्या सालचं इसरली का तू?"

इसरली कशी असन? मागच्या साली सोमारीचा नातू विनोद नवे बूट घालून पाळीवर उभा होता. बूट भिजतीन म्हणून पाण्यात उतरला नाई. मी त्याचा वाटा काढला नाई. सोमारी म्हणे, पोरगं आहे, जाऊ दे. मी म्हटलं, नियम म्हंजे नियम. साऱ्या गावासमोर म्हटलं, अन् हात वर करून म्हटलं. तेव्हापासून सोमारीनं माझ्या घरचं विरजण नेलं नाई.

"आता नियम कुठी गेला?" सोमारी म्हणे. "नात आली त नियम वाहून गेला का?"

भैयाजी दोर धरून हासून राह्यला होता. "बाई, तुमीच सांगा. वाटे तुमीच करता. कोरड्या पायाले वाटा देता का?"

आता मी हव म्हटलं असतं तर मागच्या सालचा माझा हात साऱ्या गावानं खाली घेतला असता. नाई म्हटलं तर आचलचं वर्ष गेलं. मी पाण्याकडे पाह्यलं. धनराज बाजूले घमेल्यात झिंगे वेचून राह्यला होता. घमेल्यात तलावाचं पाणी, पाण्यात त्याचा एक पाय.

"धनराज, तुहा पाय ओला आहे का?"

"हव माय."

"कायच्या पान्यानं?"

"तलावाच्या."

मी सोमारीकडे वळली. "नियम काय आहे वं? पाय तलावाच्या पान्यात ओले. पानी तलावाचं पायजे. पानी कुठी ठेवाचं हे माह्या सासऱ्यानं सांगितलं नाई." अन् मग जोरात, भैयाजीले ऐकू जाईन असं: "घमेली भरा! बकेटी भरा! सातवीवाले तलाव घेऊन शाळेत चला!"

पाळीवर जो कल्ला झाला तो विचारू नका. भैयाजी म्हणे असं कधी झालं नाई. मी म्हटलं, चार वर्षांत दोन डिग्र्या हेही कधी झालं नोव्हतं. गुरुजी म्हणे पाण्यानं वर्ग खराब होईन. मी म्हटलं, पावसाळ्यात वरून येते तेव्हा चालते का? पण सोमारीनं बरोबर मोडता घातला. "तिथी पाय बाहेर काढले त कोन पाहीन? मी येतो संगं. ज्याचा पाय निघाला त्याचा वाटा गेला."

"ये ना," मी म्हटलं. "शाळा तरी पाहशीन."

अशी आमची वरात निघाली. पुढं पोट्टे घमेली डोक्यावर घेऊन, मागं धनराज बकेटी घेऊन, त्याच्या मागं सोमारी डोळे फाडून, अन् साऱ्यांच्या शेवटी मी. रस्ताभर कोणाचे पाय वाळू नये म्हणून धनराज मागून पाणी शिंपडत होता.

आचलनं वर्गाच्या दारातून पाह्यलं अन् खडू हातातून पडला. मी म्हटलं, "घे. सातवी आनली. पाय ओले आहेत, डोके कोरडे आहेत. शिकव."

पोरं बाकावर बसली. प्रत्येकाच्या पायाखाली घमेलं नाई तर बकेट, अन् त्यात पाय. सोमारी भिंतीले टेकून खाली बसली, डोळे पायांच्या उंचीवर. मी मागच्या बाकावर.

तेवढ्यात घोनमोडे सर आले. बारीक माणूस, मोठा चष्मा, फाईल छातीशी. दारातच थांबले. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत त्यांनी घमेली पाह्यली. फटफटीवरून आलेल्या माणसाचे डोळे वाऱ्यानं झोंबतात, म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला अन् पुन्हा पाह्यलं. घमेली तिथीच होती.

"हे काय आहे?"

मी उठून सांगणारच होती, पण आचल बोलली. शाळेच्या मराठीत, सरळ. "सर, आज गावात तलावाचं जाळं आहे. ज्याचे पाय तलावाच्या पाण्यात त्याला माशांचा वाटा मिळतो. मुलांचा वाटा बुडू नये म्हणून पाणी इथं आणलं आहे."

मले वाटलं होतं ती काई तरी शास्त्राचा प्रयोग म्हणून सांगन. मी असती तर सांगितलं असतं. सरांनी फाईल उघडली, बंद केली. "पाठ सुरू करा," म्हणाले, अन् माझ्या बाजूले येऊन बसले.

पाठ भरती-ओहोटीचा होता. आचलनं फळ्यावर समुद्र काढला, वर चंद्र लटकवला अन् सांगितलं, की समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढते अन् दोनदा उतरते. आमच्या गावात समुद्र कोणी पाह्यला नाई. विनोदनं हात वर केला.

"बाई, दार कोन उघडते?"

"कसलं दार?"

"समुद्राचं. पानी उतरते म्हंजे कोनी दार उघडत असन ना? आपल्या तलावाचं भैयाजी उघडते, धानाले पानी पायजे तवा."

"समुद्राला दार नसतं. चंद्र पाणी आपल्याकडे ओढतो."

"चंद्र?" सोमारी खालून म्हणाली. "दोरानं का?"

"मंग आपल्या तलावाचं काऊन ओढत नाई?" रीना म्हणाली.

"तलाव लहान आहे. ओढ इतकी थोडी पडते की आपल्याला कळत नाही. समुद्र मोठा, म्हणून तिथं दिसते."

मले हे पटलं नाई. मी मागून म्हटलं, "आचल, चंद्राले यात कायले ओढतं? समुद्राचाही कोनी अध्यक्ष असन. रातच्या रात पानी सोडून देत असन शेतीवाल्याहिले, अन् नाव चंद्राचं."

पोट्टे हासले. आचल हासली नाई. सर माझ्याकडे वळले. मी त्याहिले हळूच सांगितलं, "नात आहे माही. लहानपनी बोबडी होती, आता पाहा." अन् पुढं वाकून, "आचल, पदर नीट कर. एकच पीन राह्यली."

तरी पाठ चालला. बरा चालला म्हणा ना. पण धनराजनं घमेली भरताना आधीचे झिंगे काढले होते का नाई हे मी पाह्यलं नोव्हतं. सगळं मीच पाहू का? एकाएकी रीना किंचाळली. "बाई! माह्या बोटाले काई तरी धरलं!" अन् तिचा पाय घमेल्याच्या बाहेर, बाकावर.

सोमारी उडीच मारून उठली. "निघाला! पाय निघाला! वाटा गेला!"

"वाटा कसा गेला वं?" मी उभी. "झिंग्यानं धरलं तिले!"

"झिंग्यानं धरो का वाघानं. पाय निघाला. माह्या विनोदले बुटानं धरलं होतं, तवा तू सोडलं का?"

"बुटात अन् झिंग्यात फरक आहे! बूट हौसेनं घालते मानूस, झिंगा कोनी हौसेनं घालत नाई!"

"नियम म्हंजे नियम, तूच म्हनली!"

"नियम मी म्हनतो तो!"

आता अर्धे पोट्टे रीनाकडून, अर्धे विनोदकडून. कोणी बकेट लोटली, कोणी घमेलं. समुद्राले भरती आली म्हणा ना, चंद्राबिगर. पाणी वाहत सरांच्या बुटांपर्यंत गेलं. एक पोरगं ओरडलं, "सरचे पाय ओले झाले! सरले पन वाटा!" सरांनी फाईल डोक्यावर धरली अन् म्हणाले, "मला नको वाटा. मी मासे खात नाही."

मासे खात नाई! मी सोमारीले सोडून सरांकडे वळली. "खात नाई म्हंजे? मंग मी जाळं कायले…"

"इंदिराबाई."

आवाज मोठा नोव्हता. वर्गात इंदिराबाई नावाची मी एकटीच, अन् आचलनं मले जन्मात आजीशिवाय हाक मारली नाई. मी वळली.

"वर्ग चालू आहे," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर उभ्या राहा."

"मी?"

"तुम्ही."

पाण्याचा थेंब पडला असता तर ऐकू आला असता. पडलाच, बाकावरून. सोमारीनं तोंडावर पदर घेतला. माझ्या सासूनं मले कधी बाहेर उभं केलं नाई. नवऱ्यानं केलं असतं तर तोच बाहेर राह्यला असता. मी आचलकडे पाह्यलं. तिचं बोट दाराकडे होतं, अन् तसंच राह्यलं.

मी गेली. दाराबाहेर, भिंतीले लागून, ऊन होतं तिथी उभी राह्यली.

आतून तिचा आवाज आला. "सोमारीबाई, तुम्ही खाली बसा. बोललात तर तुम्हीही बाहेर. रीना, पाय घमेल्यात घाल. तिचा वाटा गेला नाही, कारण पाय काढल्याबरोबर परत घातला. विनोद, मागच्या वर्षी तू पाण्यात उतरला नव्हतास, म्हणून तुझा गेला. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कोणाला काही विचारायचं आहे?"

आतून बाक सरकल्याचे अन् पाय पाण्यात पडल्याचे आवाज आले.

"मग जमिनीवर पाहा. पाणी सरांच्या बाजूला का गेलं? तिकडची फरशी खाली आहे म्हणून. ही ओढ जमिनीची. आता वर पाहा. चंद्र काय करतो?"

अन् साऱ्या वर्गानं एका सुरात सांगितलं. खिडकीतून मले दिसलं, एकेक पोट्टा पाय पाण्यात ठेवून चंद्राकडे पाहून राह्यला होता. सोमारीही. सर लिहून राह्यले होते, ओले बूट बाकाच्या दांडीवर ठेवून.

ऊन चढलं. तेवढ्यात धनराज पळत आला. "माय, जाळं काठाले लागलं! चाल वाटे कराले."

"येता येत नाई."

"काऊन?"

"मले बाहेर उभं केलं आहे."

धनराजनं वर्गात पाह्यलं, माझ्याकडे पाह्यलं, अन् तसाच परत पळाला. लहानपणापासून समजदार आहे. थोड्या वेळानं भैयाजी आला, चिखलानं कमरेपर्यंत भरलेला.

"बाई, काय चाललं हे? मासोळी जाळ्यात तडफडून राह्यली, गाव पान्यात उभं आहे. तुमच्याबिगर वाट्याले कोनी हात लावत नाई. चला!"

"सुटी झाली की येतो."

"अवं बाई, थे तुमची नात आहे! तुमी तिचे लंगोट धुतले!"

"घरी नात आहे," मी म्हटलं. "इथी मास्तरीन आहे. उद्या हिनं तुह्या रीनाले उभं केलं, अन् तू येऊन हात धरून घेऊन गेला, त शाळा कशी चालन? डिग्री काय झेरॉक्स काढाले आहे का?"

भैयाजीनं तोंड उघडलं. मी म्हटलं, "हळू बोल. आत शिकवून राह्यले."

तो माझ्यापासून दोन हातांवर, सावली होती तिथी, उकिडवा बसला. जाईन कुठी? मी इथी तर वाटे इथी.

पाठ संपला. पोट्टे ओळीनं घमेली घेऊन निघाले, अन् माझ्याजवळून जाताना एकाचीही हासाची हिंमत झाली नाई. सर बाहेर आले. चष्मा पुन्हा पुसला. फाईल काखेत.

"आजी, तुम्ही अजून उभ्याच?"

"पाठ कसा झाला सायेब?" मी विचारलं. आवाज मी कडकच ठेवला होता.

"मार्क सांगायची मला परवानगी नाही," ते म्हणाले. मग ओल्या बुटांकडे पाह्यलं. "पण मी पुष्कळ पाठ पाहिले. शांत वर्गात सगळेच शिकवतात. पुढच्या वर्षी मला इथं परत यावं लागणार नाही, एवढं समजा. अन् आता बसा, ऊन फार आहे."

भैयाजी झटकन उठला. "चला बाई! सरांनीच सांगतलं!"

मी हालली नाई. "सायेब," मी म्हटलं, "तुमच्या म्हनन्यानं बसता येत नाई. तिले सांगा."

सरांनी आत पाह्यलं. आचल फळा पुसून राह्यली होती, आमच्याकडे पाठ. तिनं सारं ऐकलं होतं, हे मले तिच्या मानेवरून समजलं.

"घंटा झाली की या, इंदिराबाई," ती म्हणाली, अन् समुद्र पुसत राह्यली.

घंटा दिनेश गुरुजी वाजवतात. गुरुजी तलावात उभे होते, वाट्याची वाट पाहत.